कॉकपिटमधला स्नॅग डिफर कसा करावा : खानदेशातून लाईनवर निघालेल्या पोरांसाठी

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा या मे महिन्यात अमळनेरहून जळगावला आमच्याकडे आठ दिवस राहून गेला. एएमईचा, म्हणजे विमान दुरुस्तीच्या इंजिनियरचा, कोर्स पूर्ण झालाय, आता एका विमान कंपनीच्या लाईन मेंटेनन्सला ट्रेनी म्हणून लागणार. दिवसभर बाहेर पाऊल ठेवायची सोय नाही असं ऊन. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, सतरंजी टाकायची आणि त्याने एकेक विचारत बसायचं, असं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मामा, यंत्र बिघडलेलं असताना विमान सोडतात, हे काही मला पटत नाही. आईला कळलं तर ती विमानात पाय ठेवणार नाही."

मी एकतीस वर्षं रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, काढली. त्यातली निम्मी रात्रपाळीत. त्याला गच्चीवर जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण खानदेशातून आता बरीच पोरं या लाईनीला जातात आणि कोर्समध्ये एमईएल (मिनिमम इक्विपमेंट लिस्ट) दोन तासांत उरकतात.

आधी आईची भीती. विमानात महत्त्वाच्या प्रत्येक कामाला दोन-दोन, तीन-तीन यंत्रं असतात. वेग दाखवणारं डावीकडे एक, उजवीकडे एक, वर स्टँडबाय. रेडिओ दोन-तीन. म्हणून एक बंद पडलं तर काही अटींवर, काही दिवसांपुरतं विमान उडवता येतं. बिघाडाला आम्ही स्नॅग म्हणतो, आणि त्याची दुरुस्ती अशी रीतसर पुढे ढकलणं म्हणजे डिफर करणं. कोणतं, किती दिवस आणि कोणत्या अटींवर, हे ज्या पुस्तकात लिहिलेलं असतं ते एमईएल. विमान बनवणाऱ्या देशाकडून मंजूर झालेली मूळ यादी असते, तिच्यावरून प्रत्येक कंपनी आपली यादी करते आणि आपल्याकडे ती डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, मंजूर करतं. कंपनीची यादी मूळ यादीपेक्षा कडक असू शकते, सैल कधीच नाही. आणि उड्डाणाच्या सुरक्षेशी संबंधित जी वस्तू यादीत नाही, ती चालू असलीच पाहिजे. "यादीत नाही म्हणजे चालतंय" असं म्हणणारा माणूस मी पाहिलाय, त्याच्याजवळ काम शिकू नकोस.

आता प्रत्यक्ष कामाचं.

वैमानिक उतरायच्या आत त्याला गाठ

लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, वैमानिक एका ओळीत लिहून जातो. "उजवा वेग चुकीचा." एवढ्यावरून काही करता येत नाही. पायऱ्यांवरच त्याला थांबव आणि विचार: कधीपासून? चढताना, समपातळीत की उतरताना? ढगात होतात का? दुसऱ्या बाजूशी फरक किती नॉट्सचा? आपोआप गेलं की तुम्ही काही रिसेट केलं? रिसेटचं तर हटकून विचार, कारण बरेच जण रिसेट करून काम भागलं की ते लिहीतच नाहीत. या दोन मिनिटांनी तुझा पुढचा तास वाचतो. तो टॅक्सीत बसून हॉटेलला गेला की मग तुझ्या हातात फक्त ती एक ओळ उरते.

माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. ड्रायव्हरने बुकिंग केलेलं इंजिन आलं की आधी ड्रायव्हरला चहा पाजायचे आणि त्याच्याकडून सगळं काढून घ्यायचे, मग पाना उचलायचे. आमच्या घरात त्यांचं एक वाक्य होतं, "लिखेल नई ते करेल नई." कामाचं लिहिलं नसेल तर ते काम झालेलं नाही. विमानाच्या धंद्यात मला याहून उपयोगी दुसरं कोणी काही शिकवलं नाही.

एमईएल उघडायच्या आधी कारण शोध

इथे पोरं सगळ्यात जास्त घसरतात. स्नॅग आला, पुस्तक उघडलं, ओळ सापडली, डिफर केलं, विमान गेलं. पुस्तक हे सांगतं की अमुक वस्तू बंद असताना उडता येईल का. ती बंद का पडली हे पुस्तक सांगत नाही, ते तुलाच पाहायचंय.

वेगात फरक दाखवतोय? आधी टॉर्च घेऊन खाली उतर आणि पिटो ट्यूब, म्हणजे समोरून येणारी हवा घेऊन वेग मोजणारी नळी, बघ. आपल्या घराच्या खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी मातीचं घर करते ना, दोन दिवसांत बोटाएवढं? तिला नळीचं भोक फार आवडतं. विमान चार दिवस उभं राहिलं आणि पिटोला कव्हर नसलं की झालं. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बोइंग 757 समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. ते विमान काही दिवस कव्हरांशिवाय उभं होतं आणि चौकशी करणाऱ्यांचा संशय अशाच माशीवर होता. कॅप्टनचा वेगमापक चालत नाही हे धावपट्टीवर असतानाच लक्षात आलं होतं.

पण या बाबतीत मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट माद्रिदची आहे. 20 ऑगस्ट 2008. एमडी-82 विमान धावपट्टीकडे निघालं, तेव्हा बाहेरच्या हवेचं तापमान मोजणाऱ्या प्रोबचा आकडा भलताच वर गेला. विमान परत आलं. मेकॅनिकने पाहिलं, प्रोबचा हीटर जमिनीवरच तापतोय. एमईएल उघडलं. बर्फाचं हवामान नसेल तर हीटर बंद ठेवून जाता येतं, असं लिहिलेलं होतं. त्याने त्याचा सर्किट ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारी गुंडी, ओढला, हीटर बंद झाला, विमान सोडलं. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर.

आता विचार कर. तो हीटर हवेत गेल्यावरच चालू व्हायचा असतो. जमिनीवर तापत होता, म्हणजे विमानाचा कुठला तरी भाग समजत होता की आपण हवेत आहोत. हे ठरवणारा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असतो. आणि फ्लॅप, म्हणजे कमी वेगात विमान उचलायला मदत करणाऱ्या पंखांच्या पट्ट्या, न लावता टेकऑफ करायला निघालात तर भोंगा वाजवणारी वॉर्निंग त्याच रिलेवर अवलंबून होती. त्या दिवशी घाईत वैमानिकांकडून फ्लॅप लावायचे राहिले. भोंगा वाजला नाही. 172 जणांपैकी 154 गेले. वॉर्निंग का वाजली नाही हे चौकशीत शंभर टक्के सिद्ध झालं नाही, पण बोट त्या रिलेकडे जात होतं.

त्या मेकॅनिकला मी दोष देऊ शकत नाही. त्या उन्हात, त्या घाईत मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. म्हणूनच तुला सांगतो. ब्रेकर ओढायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचाच: *हे यंत्र आत्ता असं का वागतंय, आणि त्याच तारेवर, त्याच रिलेवर आणखी काय काय लटकलंय?* वायरिंग डायग्राम उघड. दहा मिनिटं लागतात. स्टेशन मॅनेजर घड्याळ दाखवेल, दाखवू दे.

सीबी (सर्किट ब्रेकर) ओढलास तर

एमईएलमध्ये ओळीपुढे दोन अक्षरं असू शकतात. ओ म्हणजे वैमानिकाने करायचं, एम म्हणजे आपण करायचं. एमच्या कामात बऱ्याचदा एखादा सर्किट ब्रेकर ओढून ठेवायचा असतो. ओढलेला ब्रेकर म्हणजे पॅनेलवर पाव इंच बाहेर आलेली एक काळी गुंडी. शंभर-दीडशे गुंड्यांच्या रांगांत ती दिसते, पण ती का बाहेर आलीये हे ती सांगत नाही. म्हणून तिच्या मानेत लाल प्लास्टिकची कॉलर घालायची, म्हणजे कोणी दाबली तरी आत जात नाही.

माझी चूक सांगतो. 2004 साल, उन्हाळा, रात्रीचे पावणेदोन. डावा रेडिओ अल्टिमीटर मधूनच वेडेवाकडे आकडे दाखवत होता. विमान जमिनीपासून नेमकं किती फूट वर आहे हे सांगणारं हे यंत्र. डिफर करता येत होतं, एम प्रक्रियेत ब्रेकर ओढून कॉलर लावायची होती. माझ्या बॅगेत कॉलर नव्हती. स्टोअरपर्यंत जायला गाडी नव्हती. मी ब्रेकर ओढला, लॉगमध्ये लिहिलं, "एमईएलप्रमाणे सीबी ओढला," आणि सही केली. कोणतं पॅनेल, कोणती रांग, काही नाही. कॉलर नाही हेही नाही.

सकाळी दुसऱ्या स्टेशनवर एक जण वेगळ्याच कामासाठी त्या पॅनेलपाशी गेला. त्याला वाटलं ब्रेकर आपोआप उडालाय. त्याने दाबला. त्या विमानात इंजिनांची ताकद आपोआप कमी-जास्त करणारा ऑटोथ्रॉटल डाव्या अल्टिमीटरचं ऐकतो. संध्याकाळी उतरताना इंजिनांची ताकद मधेच कमी व्हायला लागली. कॅप्टनचा हात थ्रॉटलवर होता म्हणून त्याने लगेच पुढे ढकललं आणि विमान सुखरूप उतरलं. मला फोन आला तेव्हा मी झोपेतून उठलो होतो. त्यानंतर कितीतरी रात्री मला ती गुंडी दिसायची.

पाच वर्षांनी, 25 फेब्रुवारी 2009 ला, ॲमस्टरडॅमला एक बोइंग 737 धावपट्टीच्या दीड किलोमीटर आधी शेतात कोसळलं. डावा रेडिओ अल्टिमीटर जवळपास दोन हजार फुटांवर असताना उणे आठ फूट दाखवत होता, ऑटोथ्रॉटलने उतरलो समजून इंजिनं मंद केली, वेग उतरला आणि ते लक्षात यायला उशीर झाला. 135 पैकी नऊ माणसं गेली. त्या विमानात हा बिघाड आधीच्या उड्डाणांतही झाला होता. मी ती बातमी तीनदा वाचली.

तेव्हापासून माझ्या बॅगेत कॉलरची पिशवी वेगळी. तूही ठेव, दहा-बारा असू दे. लिहिताना पॅनेलचा क्रमांक, रांग आणि स्थान, ब्रेकरचं नाव, कॉलर लावली, हे सगळं. आणि दुसऱ्याने ओढलेला ब्रेकर दिसला तर लॉग वाचल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

लॉग वाचूनही हात लावलास तर पूर्ववत केल्याशिवाय जागचं हलायचं नाही. हे कॅनडातल्या त्या प्रसिद्ध बोइंग 767 वरून शिक. जुलै 1983. एडमंटनला इंधनाचे सगळे मापक कोरे दिसत होते. तिथल्या इंजिनियरने दोन चॅनेलपैकी एकाचा ब्रेकर ओढला तर मापक परत चालू झाले. त्याने ब्रेकरवर टॅग लावला, लॉगमध्ये लिहिलं. इथपर्यंत ठीक. माँट्रियलला दुसऱ्या इंजिनियरला कुतूहल वाटलं. त्याने तपासायला ब्रेकर आत दाबला. मापक पुन्हा कोरे. तेवढ्यात इंधनाचं काम निघालं आणि तो ब्रेकर आतच ठेवून निघून गेला, टॅग तसाच लटकत राहिला. कॅप्टन आला, त्याने कोरे मापक पाहिले, टॅग पाहिला आणि समजला की विमान असंच आलंय, असंच जातंय. एमईएलप्रमाणे सगळे मापक कोरे असताना जाताच येत नव्हतं. पुढे लिटरचं किलोत रूपांतर करताना पाउंडाचा आकडा वापरला गेला. 22,300 किलो इंधन हवं होतं, त्याच्या निम्म्याहून कमी भरलं. 41,000 फुटांवर इंजिनं बंद पडली. गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर त्यांनी विमान ग्लायडरसारखं उतरवलं, सगळे वाचले. एक टॅग आणि एक गुंडी यांचं म्हणणं जुळत नव्हतं, तिथून सगळं सुरू झालं.

खोटं बोलणारं यंत्र झाकून टाक

पूर्ण मेलेलं यंत्र त्या मानाने बरं. काळं पडलेलं असतं, कोणी त्याच्याकडे बघत नाही. अर्धवट चालणारं, कधी बरोबर कधी चूक दाखवणारं यंत्र माणसाची नजर ओढून घेतं. 1 जानेवारी 1978 ला मुंबईहून दुबईला निघालेलं 'एम्परर अशोक' हे आपल्या देशाचं पहिलं जंबो वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, 213 माणसं गेली. रात्र, खाली काळा समुद्र, बाहेर क्षितिज दिसत नाही. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडून विमान उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं, त्याने डावीकडे वळवलं, वळवतच राहिला. कॉकपिटमध्ये तसली आणखी दोन यंत्रं होती. हा बिघाड हवेत झाला, डिफर केलेला नव्हता, पण काळोखात माणूस कशावर विश्वास ठेवतो ते यातून कळतं.

म्हणून यंत्र बंद आहे हे सांगणारं प्लॅकार्ड नीट लाव. बंद यंत्राच्या तोंडावर, वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत. बाजूच्या चालू यंत्राचा एकही आकडा झाकला जाता कामा नये. ठळक आयएनओपी (चालत नाही), त्याखाली डिफरलचा क्रमांक आणि तारीख. तेलकट हाताने टेप लावलीस तर ती तिसऱ्या उड्डाणाला गळून सीटखाली जाते, तेव्हा आधी हात पूस, पॅनेल कोरड्या फडक्याने पूस, मग लाव. लावल्यावर दोन्ही सीटवर बसून बघ. खरंच बसून बघ.

दिवस मोजताना

एमईएलच्या प्रत्येक ओळीला दुरुस्तीच्या मुदतीचा एक वर्ग असतो. बी वर्ग म्हणजे तीन दिवस, सी म्हणजे दहा, डी म्हणजे एकशे वीस. ए वर्गाची मुदत त्या ओळीतच लिहिलेली असते. नोंदीचा दिवस धरायचा नाही. सोमवारी बी वर्गातलं डिफर केलंस तर मुदत गुरुवारी मध्यरात्री संपते. फसगत वेळेची होते. लॉग यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, चालतो आणि आपण भारतीय वेळेत जगतो. मंगळवारी पहाटे दोनला तू सही केलीस तर यूटीसीत अजून सोमवारच आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये कोणता दिवस धरतात ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेव. मुदतवाढ नावाचा प्रकार असतो, पण ती मिळेल असं धरून पार्ट मागवायचा थांबू नकोस. डिफर केलं त्याच मिनिटाला पार्टची मागणी गेली पाहिजे.

आणखी एक बघायचं असतं, आधीची डिफरल्स. एकेक ओळ स्वतंत्रपणे चालते, पण दोन एकत्र आली की वैमानिकाचं काम कितपत वाढतं? पुढचा मार्ग पावसाळी ढगांतला असेल आणि रडार आधीच डिफर असेल तर? हे पुस्तक पूर्ण सांगत नाही. कॅप्टनशी बोल.

तोच स्नॅग तिसऱ्यांदा आला की

मग "रिसेट केलं, टेस्ट ओके" लिहायचा हक्क संपला असं समज. 28 डिसेंबर 2014 ला सुराबायाहून सिंगापूरला जाणारं एअरबस 320 जावाच्या समुद्रात पडलं, 162 माणसं. रडरची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेचा बिघाड त्या वर्षात 23 वेळा नोंदला गेला होता. मूळ कारण एका इलेक्ट्रॉनिक कार्डावरच्या सोल्डरला गेलेला तडा, डोळ्याला जेमतेम दिसेल असा. जमिनीवर टेस्ट केली की ओके, कारण थंड-गरम होताना तो तडा कधी जुळायचा, कधी सुटायचा. शेवटच्या उड्डाणात तोच संदेश पुन्हा पुन्हा आला, ब्रेकर ओढून रिसेट करायचा प्रयत्न झाला, ऑटोपायलट सुटला आणि पुढे विमान सावरलं नाही.

तेव्हा लॉगची फक्त आजची पानं बघू नकोस, महिनाभर मागे जा. यंत्राचा डबा बदलूनही स्नॅग परत येत असेल तर दोष डब्यात नाही, त्याच्या मागच्या कनेक्टरमध्ये, पिनमध्ये, अर्थिंगमध्ये शोध. वाकलेली पिन भिंगातून बघितल्याशिवाय सापडत नाही. एमसीसीला, म्हणजे कंपनीच्या दुरुस्ती नियंत्रण कक्षाला, स्पष्ट सांग, हे रिपीट आहे, विमान एक रात्र हँगरमध्ये द्या. कंटाळवाणं काम आहे, कोणी शाबासकी देत नाही.

कॅप्टन विमान घ्यायला नाही म्हणाला तर वाद घालू नकोस. पुस्तकात बसत असलं तरी शेवटचा शब्द त्याचा. एकदा एका बाई कॅप्टनने माझं पूर्ण नियमात बसणारं डिफरल नाकारलं, कारण पुढचा विमानतळ धुक्यात होता आणि आधीची दोन डिफरल्स होती. पन्नास मिनिटं उशीर झाला, मी मनातून चिडलो होतो. घरी येऊन शांतपणे तिन्ही ओळी एकाखाली एक लिहून काढल्या. बाईंचं बरोबर होतं. पुढे भेटल्या तेव्हा मी त्यांना तसं सांगितलं.

डिफरल बंद करताना उलट्या क्रमाने जायचं: पार्ट बसवला, कॉलर काढली, ब्रेकर दाबला, टेस्ट केली, मग प्लॅकार्ड काढलं, टेपचा चिकटपणा पुसला, मग लिहिलं. कॉलर मोजून पिशवीत. प्लॅकार्ड पॅनेलवर राहून गेलं तर पुढचा वैमानिक चांगल्या यंत्राकडे बघणार नाही.

शेवटच्या संध्याकाळी भाच्याला म्हटलं, एक नोंद लिहून दाखव. लॉग इंग्रजीतच लिहायचा असतो, त्याने तसाच लिहिला: उजवा वेगमापक डाव्यापेक्षा वीस नॉट्स कमी, पिटो तपासला, गाळ नाही, नळीची गळती नाही, वगैरे. सहा ओळी. मला चांगली वाटली, पण मी समोर बसलेला होतो, मला सगळं माहीत होतं. म्हणून भुसावळच्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि भाच्याला म्हटलं, वाच, बाकी काही सांगायचं नाही.

पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले, "भो, फरक सगळ्या वेगाला सारखा होता की वाढत गेला? आणि पिटोचा हीटर तपासला का?"

भाच्याने पेन उचललं आणि त्या सहा ओळींखाली सातवी लिहायला घेतली.